खाऱ्या वाऱ्यात काळसर पानांचं झाड

 

रत्नागिरीत मांडवीपासून भाट्यापर्यंत आणि पुढे सगळ्या किनाऱ्यावर घरगुती निवासाच्या खोल्या वाढल्या, तशी शोभेच्या झाडांची मागणीही वाढली. त्यात एका झाडाचा फोटो मोबाइलवर सारखा फिरत असतो. तलवारीसारखी लांब, ताठ पानं, रंग काळपट जांभळा, जवळजवळ काळाच. पांढऱ्या भिंतीपुढे किंवा चिऱ्याच्या गडग्याजवळ ते फार उठून दिसतं. खोल्यावाले विचारतात, “हे तुमच्या गटाकडे मिळेल का?” मग गटाच्या बैठकीत विषय निघतो, की बाहेरून रोपं आणून वाढवायची का, आणि फिरत्या निधीतले किती पैसे त्यात घालायचे.

पैसे सगळ्यांचे असतात. म्हणून ते झाड मुळात कुठलं, त्याला काय लागतं, आपल्याकडे ते तगेल का, आणि नाही तगलं तर त्याच्याऐवजी काय लावता येईल, हे आज नीट समजून घेऊ.

फ्लॅक्स म्हणजे जवस नव्हे

फोटोखाली नाव असतं ‘फ्लॅक्स’. फ्लॅक्स म्हणजे जवस, ज्याची आपण चटणी करतो. पण या झाडाचा जवसाशी काही संबंध नाही. याचं शास्त्रीय नाव फॉर्मियम आणि मूळ देश न्यूझीलंड. 1769 साली कॅप्टन कुक तिथे पोचला, तेव्हा तिथले माओरी लोक या पानांच्या धाग्यापासून कापड, दोर, जाळी, टोपल्या करत होते. युरोपात जवसाच्या खोडापासून जसा धागा काढतात तसाच हा दिसला, म्हणून गोऱ्या लोकांनी त्याला ‘न्यूझीलंड फ्लॅक्स’ म्हटलं. माओरी भाषेत त्याला ‘हराकेके’ म्हणतात. नात्याने हे झाड आपल्या कोरफडीच्या कुळातलं आहे.

माओरी बायका आजही या पानांपासून विणकाम करतात, आणि पानं कापायचा त्यांचा एक नियम आहे. गड्ड्याच्या मधोमध जे कोवळं पान येतं, ते बाळ. त्याच्या दोन बाजूंची पानं म्हणजे आईबाप. ही तीन कधी कापायची नाहीत. कापायची ती बाहेरची जुनी, आजीआजोबांची पानं. बाळ आणि आईबाप राखले तर झाड वर्षानुवर्षं पानं देत राहतं. रंगीमारी हेटेट (1892–1995) नावाच्या मोठ्या विणकर बाई तिथे होऊन गेल्या. 1951 साली माओरी बायकांची संघटना स्थापन झाली, त्यानंतर त्यांनी आपली कला घराण्याबाहेरच्या बायकांनाही शिकवली. पुढे आपण दुसऱ्या झाडांबद्दल बोलणार आहोत, पण जी झाडं मधून नवं पान काढतात, त्या सगळ्यांना कापणीचा हाच नियम लागू पडतो.

पान काळं कशामुळे?

कोकमाचा लाल रंग, वांग्याच्या सालीचा जांभळा रंग आणि या पानांचा काळपट रंग, तिन्ही एकाच जातीच्या रंगद्रव्यामुळे येतात. पानात हिरवा रंग असतोच. त्यावर हा जांभळा इतका दाट चढतो की दोन्ही मिळून काळं दिसतं. हा रंग झाड उजेडात तयार करतं. म्हणून काळ्या पानाचं झाड दाट सावलीत ठेवलं, की दोन-तीन महिन्यांत पान हिरवट पडायला लागतं. गिऱ्हाईक तक्रार करतं, “तुम्ही दिलेलं झाड काळं राहिलं नाही.” त्यात झाडाचा दोष नसतो, जागेचा असतो.

उलट बाजूही आहे. काळं पान जास्त ऊन शोषतं आणि जास्त तापतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारच्या उन्हात, तापलेल्या कातळाशेजारी किंवा सिमेंटच्या अंगणात ते करपतं. म्हणून आपल्याकडे सकाळचं दहा-अकरापर्यंतचं ऊन मिळेल आणि दुपारी माडाची विरळ सावली पडेल अशी जागा निवडावी. घराची पूर्वेची बाजू बहुतेक वेळा योग्य ठरते. ती समुद्राच्या वाऱ्यापासूनही आडोशाला असते.

मग हे झाड आपल्याकडे तगेल का?

फॉर्मियम समुद्रकाठचं झाड आहे, खारा वारा सोसतं, हे खरं आहे. त्यामुळे वाटतं की मांडवीला ते आनंदाने वाढेल. पण समुद्र समुद्रात फरक असतो. न्यूझीलंडचा किनारा थंड. तिथे ऐन उन्हाळ्यातही दिवसाचं तापमान साधारण 20 ते 25 अंश असतं. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा तितकी उष्णता असते. आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत रत्नागिरीत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. गरम हवा आणि सतत ओला गड्डा हे दोन्ही एकत्र आले की या झाडाला कूज लागते. मधलं पान हाताने ओढलं तर सहज निघून येतं आणि घाण वास येतो. तिथपर्यंत गेलेलं झाड वाचत नाही.

याचा एक चांगला दाखला अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर आहे. नेपोलियनला कैदेत ठेवलं होतं ते हे बेट. रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे 17 अंशांवर आहे, आणि सेंट हेलेना दक्षिणेला सुमारे 16 अंशांवर. म्हणजे अंतर जवळजवळ सारखंच. तरी तिथे फॉर्मियम इतकं वाढलं की त्याची शेती झाली, गिरण्या निघाल्या, धागा काढून दोर आणि सुतळी विकली गेली. पण ते वाढलं कुठे? बेटाच्या मध्यावरच्या उंच, थंड, धुक्याच्या डोंगरांवर. तिथे तर ते इतकं पसरलं की मूळच्या झाडांची जागा त्याने घेतली. अक्षांश तोच, पण हवा वेगळी. आपल्याला झाड निवडताना नकाशापेक्षा हवा पाहायची आहे.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. आपल्या सखल किनाऱ्यावर फॉर्मियमची रोपवाटिका गटाच्या पैशांतून काढू नका. हौस म्हणून एक-दोन कुंड्या जरूर लावून पाहा. रोप पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणा. कुंडी चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर ठेवा, म्हणजे खालून पाणी निघून जाईल. पावसाळ्यात पडवीत, पागोळ्यांपासून लांब ठेवा, आणि पाणी घालताना गड्ड्याच्या मधोमध ओतू नका. दोन पावसाळे काढले तर पुढचा विचार करा.

हिशेब असा करून पाहा. समजा एक रोप 400 रुपयांना पडलं आणि गटाने 50 आणली, तर 20,000 रुपये गेले. पावसाळ्यात 30 कुजली. उरलेल्या 20 रोपांतलं प्रत्येक रोप आता 1000 रुपयांना पडलं. खत, पिशव्या आणि राबणूक वेगळी. एवढ्या किमतीला आपल्याकडे गिऱ्हाईक आहे का, हे आधी विचारायचं.

त्याच रूपाची, पण इथे रुळलेली झाडं

गिऱ्हाइकाला नाव नको असतं. त्याला हवं असतं लांब पान, काळसर रंग आणि समुद्राकडच्या बागेत टिकणं. ही तिन्ही कामं करणारी झाडं आपल्याकडे मिळतात.

पहिलं, जांभळ्या पानांचं क्रायनम. पांढरी, लांब पाकळ्यांची, रात्री वास येणारी क्रायनम लिली किनाऱ्यालगत रेताडात वाढलेली तुम्ही पाहिली असेल. तिचीच ही जांभळी जात. पट्ट्यासारखी रुंद, लांब पानं असतात. आकाराने आणि खारेपणा सोसण्याने फॉर्मियमच्या सगळ्यांत जवळचं हेच. कांद्याच्या बाजूला पिल्लं येतात, ती मुळासकट वेगळी करून लावायची. बियांपासून रंग तसाच येईल याचा भरवसा नसतो, पिल्लाचा असतो. यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या अळ्या येतात आणि पान आतून पोखरतात. सकाळी पानं उलटून पाहून त्या वेचून काढाव्यात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, क्रायनमचा कांदा विषारी असतो. तो खायच्या कांद्यांजवळ कधी ठेवू नये. मुलांच्या आणि गुरांच्या तोंडाशी येणार नाही अशा जागी लावावा, आणि विकतानाही हे गिऱ्हाइकाला सांगावं.

दुसरं, कॉर्डिलाइन. आपल्याकडे अनेक जण त्याला लाल ड्रेसिना म्हणतात. गर्द किरमिजी ते काळपट पानांच्या जाती मिळतात. याला पाऊस आणि दमटपणा आवडतो, म्हणून आपल्या हवेत ते चांगलं चालतं. पण थेट खारा वारा सोसत नाही, पानांची टोकं तपकिरी होतात. म्हणून घराच्या आडोशाला लावावं. वाढवायला सोपं आहे. दोन फूट उंच वाढलेल्या दांड्याचे चार-चार बोटं लांबीचे तुकडे करायचे आणि ओलसर वाळूत आडवे, अर्धे दाबून ठेवायचे. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे हवेत. महिना-दीड महिन्यात डोळ्यांतून कोंब आणि मुळं निघतात. खाली राहिलेलं खोडही पुन्हा फुटतं.

तिसरं, रिओ. पान वरून हिरवं, खालून जांभळं, आणि पानांच्या बेचक्यात होडीच्या आकाराच्या कोशात लहान पांढरी फुलं येतात. ते फूटभरच वाढतं. गडग्यावर, पायवाटेच्या कडेला, खोलीपुढच्या वाफ्यात छान दिसतं. पाणी कमी पडलं तरी चालतं. त्याचा रस काहींच्या अंगाला खाजतो, म्हणून पिल्लं वेगळी करताना हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी.

चौथं, जमिनीवर पसरणारी गर्द जांभळी वेल, जिला रोपवाटिकेत ‘पर्पल हार्ट’ म्हणतात. उन्हात रंग गडद होतो, रेताड जमीन आणि खारा वारा दोन्ही चालतात. वीतभर फांदी तोडून खोचली की लागते. ही आणि रिओ, दोन्ही पसरतात. म्हणून छाटलेला माल खाडीच्या काठावर किंवा रानात टाकू नका, खतखड्ड्यात चांगला सुकवून टाका.

मीठ झाडाला काय करतं?

आंब्याच्या फोडींना मीठ लावलं की त्यांना पाणी सुटतं, हे आपल्याला माहीत आहे. पानावर खारा थर बसला की तेच होतं. मीठ पानातलं पाणी ओढतं आणि पान टोकाकडून सुकत येतं. मुळांजवळ मीठ साचलं तर माती ओली असूनही झाडाला पाणी घेता येत नाही. बाई मग अजून पाणी घालते आणि झाड अजूनच सुकतं.

दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे रोजचेच. जोराचं उधाण किंवा वादळ आलं की फवारा आत पार परसापर्यंत येतो. 3 जून 2020 चं निसर्ग आणि मे 2021 चं तौक्ते ही दोन्ही वादळं आपण पाहिली आहेत. वादळानंतर पाऊस लागला तर पानं आपोआप धुतली जातात. पाऊस नसेल तर त्याच दिवशी संध्याकाळी गोड्या पाण्याने झारीने पानं धुवावीत. एरवीही फेब्रुवारी ते मे आठवड्यातून एकदा हे करावं.

वाऱ्यासाठी आडोसा करायचा तर पक्की उंच भिंत बांधू नका. वारा भिंतीवरून उडी मारून पलीकडे जोरात खाली येतो आणि तिथेच झाडं मोडतात. थोडा वारा जाऊ देणारा आडोसा चांगला. पहिल्या वर्षी झापांचं किंवा बांबूचं कूड चालेल. कायमसाठी समुद्राच्या बाजूला कोयनेल, उंडी, केवडा, सुरू यांची रांग लावावी. भाट्याच्या किनाऱ्यावरचं सुरूबन पाहिलं की आडोसा म्हणजे काय ते कळतं. अशा रांगेच्या उंचीच्या पाच ते दहा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी होतो. म्हणजे पाच फूट वई असेल तर आतली पंचवीस ते पन्नास फूट जागा लागवडीला मिळते.

माती आणि पाणी

आपली जांभ्याची माती पाणी लवकर सोडते, पण तिच्यात कस कमी. पिशव्यांसाठी दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग जाड नदीची वाळू किंवा चिरेखाणीतला चाळलेला चुरा घ्यावा. समुद्रावरची वाळू घेऊ नये. तिच्यात मीठ असतं, आणि किनाऱ्यावरून वाळू उचलायला कायद्याने बंदी आहे.

काथ्याचा भुसा आपल्याकडे सहज मिळतो आणि तो ओलावा धरतो. पण नारळाची सोडणं बऱ्याच ठिकाणी खाडीच्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे भुशात मीठ उतरलेलं असतं. असा भुसा तीन वेळा गोड्या पाण्यात भिजवून, पिळून मगच वापरावा. रोपं का मरतात याचं कारण कित्येकदा या भुशात असतं.

एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. तोंडाला खारट लागलं तर रोपांना ते रोज घालू नका. तेच वापरावं लागलं तर थोडं थोडं शिंपण्याऐवजी पिशवीच्या भोकांतून पाणी बाहेर येईपर्यंत एकदाच भरपूर द्या आणि मग वरची माती सुकेपर्यंत थांबा. थोड्या पाण्याने मीठ वरच राहतं, भरपूर पाण्याने ते खाली वाहून जातं. मातीवर पातेऱ्याचा थर दिला तर पाणी निम्मं पुरतं. पावसाळ्यात मात्र तो थर खोडापासून चार बोटं लांब सारावा.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम साधा साबण विरघळवून संध्याकाळी कापडाने पुसून काढावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या पाण्याने पान धुवावं. पावसाळ्यात गोगलगायी रात्री हाताने वेचाव्यात. त्यांच्यासाठी मीठ टाकू नका, ते आपल्याच कुंडीत जातं.

गटाने सुरुवात कशी करावी?

सुरुवातीला फक्त मातृरोपं घ्यावीत. वरच्या चार झाडांची प्रत्येकी पाच म्हणजे 20 रोपं पुरतात, आणि त्यांपैकी कितीतरी शेजारीपाजारी मिळतात. पहिलं वर्ष विक्रीसाठी नाही, वाढवण्यासाठी धरावं. ऑक्टोबरात लावा, पावसाच्या सुरुवातीला तुकडे आणि पिल्लं वेगळी करा, म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत आणि मग मेच्या पर्यटन हंगामासाठी माल तयार होतो.

एका वहीत चार रकाने आखा: झाड, जागा, लावल्याची तारीख, जगलं की मेलं. एकीचं घर समुद्रासमोर, दुसरीचं खाडीकाठी, तिसरीचं कातळावर असेल, तर तीच रोपं तिन्हीकडे वाटून लावा. वर्षभराने कुठलं झाड कुठे तगतं, हे तुमच्या गटाला इतर कोणापेक्षा चांगलं माहीत असेल. अडलं तर भाट्याचं नारळ संशोधन केंद्र आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आपल्याजवळ आहेत. पान किंवा मातीचा नमुना सोबत घेऊन जावं, नुसतं वर्णन करून भागत नाही.

विक्रीबद्दल पुन्हा एकदा सेंट हेलेनाकडे येते. त्या बेटाच्या सुतळीचं मोठं गिऱ्हाईक ब्रिटनचं टपाल खातं होतं. टपालाच्या थैल्या बांधायला ती सुतळी जायची. टपाल खात्याने कृत्रिम धाग्याची सुतळी घेतली आणि 1966 मध्ये बेटावरचा सगळा धंदा बंद पडला. झाडं डोंगरावर तशीच उभी राहिली. म्हणून एका हॉटेलच्या तोंडी शब्दावर 200 पिशव्या भरू नका. चार-पाच खोल्यावाले, आठवडा बाजार, शाळांची बाग, घरगुती गिऱ्हाईक असे निदान तीन-चार मार्ग ठेवा, आणि चारही झाडं थोडी थोडी ठेवा. मोठी मागणी आली तर अर्धी रक्कम आगाऊ मागायला लाजू नका.

विकताना झाडाचं खरं नाव सांगा. क्रायनमला फ्लॅक्स म्हणून विकू नका. “हे न्यूझीलंडचं नाही, आपल्याच हवेतलं आहे, म्हणून टिकतं,” असं सांगितलं तर गिऱ्हाइकाला ते पटतं आणि ते पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच येतं.

पुढच्या मासिक बैठकीत दोन कामं करा. प्रत्येकीने आपल्या आणि शेजारच्या परसात यांपैकी कुठली झाडं आहेत ते पाहून यावं, आणि आपल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं का ते सांगावं. एवढी माहिती वहीत आली की किती पैसे घालायचे हे ठरवायला सोपं जाईल.